ऐकू एकच येतं, लिहायचं कोणतं?

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर अशी इंग्रजी सूचना आपण कधीतरी वाचली असेल: लिफ्टची दुरुस्ती चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व, ‘प्लीज बेअर विथ अस’. मोठ्याने वाचून दाखवली तर तिच्यात काहीच खोट नाही. पण टाइप करणाऱ्याने ‘बेअर’ हा शब्द बी-ए-आर-ई असा लिहिला असेल, तर कमिटीने रहिवाशांना आपल्याबरोबर कपडे उतरवायचं आवाहन केलं असा अर्थ निघतो. हवा होता बी-ई-ए-आर, म्हणजे सोसणे, जरा कळ काढणे. कॉम्प्युटरने खाली लाल रेघ ओढली नाही, कारण दोन्ही शब्द इंग्रजीत आहेत आणि दोन्हींचं स्पेलिंग आपापल्या जागी बरोबरच आहे.

अशा शब्दांना इंग्रजीत ‘होमोफोन’ म्हणतात. मराठीत त्यांना समोच्चारी शब्द म्हणू: उच्चार एकच, अर्थ वेगळा आणि स्पेलिंगही वेगळं. व्याकरण पक्कं असलेली माणसंही इथे घसरतात, कारण ही चूक व्याकरणाची नसते, कानावर विसंबल्याची असते.

पुढे जाण्याआधी एक सोय सांगून ठेवतो. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की समोच्चारी शब्दांमधला फरक दिसेनासाच होतो. म्हणून गरज आहे तिथे स्पेलिंगची अक्षरं सुटी करून दिली आहेत, फोनवर आपण सांगतो तशी. जवळ कागद घेऊन ती रोमन लिपीत उतरवत गेलात तर सगळं लवकर उलगडेल.

आता प्रकारांचा घोळ मिटवू. ‘बेअर’ म्हणजे सोसणे आणि ‘बेअर’ म्हणजे अस्वल, या दोन्हींचं स्पेलिंग बी-ई-ए-आर. उच्चार एक, स्पेलिंग एक, फक्त अर्थ दोन. आपल्याकडे ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सरकारला भरायचा पैसा, आणि आई रोज संध्याकाळी म्हणते ते ‘अभ्यास कर’, तसंच हे. अशा शब्दांनी लिहिताना काही बिघडत नाही, वाचणारा संदर्भाने समजून घेतो. त्यांना बाजूला ठेवू.

दुसरा प्रकार याच्या उलट: स्पेलिंग एक, उच्चार दोन. आर-ई-ए-डी हा शब्द वर्तमानकाळात ‘रीड’ आणि भूतकाळात ‘रेड’. एल-ई-ए-डी म्हणजे नेतृत्व करणे असेल तर ‘लीड’, आणि शिसं हा धातू असेल तर ‘लेड’. हाही आपला विषय नाही, पण त्याची एक शेपटी आपल्या अंगणात येते. ‘लीड’चं भूतकाळी रूप ‘लेड’ असंच बोललं जातं, आणि त्याचं स्पेलिंग मात्र नुसतं एल-ई-डी आहे. ‘रीड’चं स्पेलिंग भूतकाळात बदलत नाही, तेव्हा ‘लीड’चंही बदलत नसणार असं हात परस्पर ठरवून टाकतो, आणि ‘मी आठ जणांच्या टीमचं नेतृत्व केलं’ या वाक्यात शिसं ओतलं जातं. नोकरीच्या अर्जांत ही चूक हमखास सापडते.

हे दुखणं फक्त इंग्रजीचं आहे असंही नाही. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा. पाणि म्हणजे हात आणि पाणी म्हणजे आपण पितो ते. बोलताना यांतला ऱ्हस्व-दीर्घ भेद आपण फारसा पाळत नाही, लिहिताना पाळावा लागतो. फरक एवढाच की मराठीत अशा जोड्या मोजक्या आहेत आणि इंग्रजीत त्यांचं रान माजलं आहे.

ते का माजलं, हे कळलं की पाठांतराचा निम्मा भार हलका होतो. त्यामुळे पुढचा टप्पा थोडा इतिहासाचा.

पहिलं कारण, उच्चार बदलले आणि स्पेलिंग मागे राहिलं. ‘नाइट’ म्हणजे रात्र, एन-आय-जी-एच-टी. ‘नाइट’ म्हणजे मध्ययुगातला घोडेस्वार सरदार, त्याच्या आधी एक के. चौदाव्या शतकात, इंग्रज कवी चॉसर लिहीत होता त्या काळात, यातलं एकही अक्षर मुकं नव्हतं. रात्र साधारण ‘निख्त’ अशी बोलली जाई आणि सरदार ‘क्निख्त’ असा. जर्मन भाषेत रात्रीला आजही ‘नाख्त’ म्हणतात. पुढे इंग्रजीतून तो घशातला ‘ख’ गेला, सतराव्या-अठराव्या शतकात सुरुवातीचा ‘क’ही गेला, आणि कानाला दोन्ही शब्द एक झाले. लिहिण्याच्या ‘राइट’मधला डब्ल्यूसुद्धा एके काळी बोलला जात असे.

दरम्यान विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छापील पुस्तकं पसरली तसतशी पुढच्या दोनेकशे वर्षांत स्पेलिंगं स्थिरावत गेली. नेमक्या त्याच काळात, साधारण १४०० ते १७०० या दरम्यान, इंग्रजीचे दीर्घ स्वर जागा बदलत होते. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने या उलथापालथीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ असं नाव दिलं, म्हणजे स्वरांचं मोठं स्थलांतर. मुद्रकाने कागदावर पकडलेला उच्चार जुना होता आणि लोकांच्या तोंडातला नवा.

याचा आपल्याला प्रत्यक्ष उपयोग आहे. भेटणे म्हणजे ‘मीट’, त्यात दोन ई. मांस म्हणजेही ‘मीट’, त्यात ई-ए. जुन्या इंग्रजीत हे दोन निराळे स्वर होते: दोन ई असलेला आपल्या ‘ए’च्या जवळचा, आणि ई-ए असलेला त्याहून तोंड अधिक उघडून केलेला. दोन्ही सरकत सरकत ‘ई’वर येऊन मिळाले. पाहणे आणि समुद्र (‘सी’), आठवडा आणि दुबळा (‘वीक’), पोलाद आणि चोरणे (‘स्टील’), टाच आणि बरं होणे (‘हील’) या सगळ्या जोड्या त्याच एका घटनेतून निघाल्या आहेत. प्रत्येक जोडीत एकाकडे दोन ई आहेत आणि दुसऱ्याकडे ई-ए. सुट्या सुट्या पाठ करण्यापेक्षा हा एक साचा लक्षात ठेवलेला बरा.

काही शब्द मात्र या प्रवासात वाटेतच उतरले. ‘ग्रेट’, ‘ब्रेक’ (तोडणे) आणि ‘स्टेक’ (मांसाचा जाड तुकडा) यांत ई-ए आहे, पण उच्चार ‘ए’वरच थांबला. म्हणून त्यांची गाठ भलत्यांशीच पडली: किसण्याचा ‘ग्रेट’, गाडीचा ‘ब्रेक’, खुंटा किंवा हिस्सा या अर्थाचा ‘स्टेक’. या दुसऱ्या तिघांत ए मध्ये आणि ई शेवटी. सायकलच्या ब्रेकचं स्पेलिंग बी-आर-ई-ए-के लिहिणारे गॅरेजवाले आपण रोज पाहतो, त्यात त्यांचा दोष कमी आणि या थांबलेल्या स्वराचा जास्त.

दुसरं कारण उसनवारीचं. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. लॅटिनमधून तर आधीपासून आणि नंतरही शब्द येतच राहिले. ‘पेअर’ म्हणजे नासपती हा शब्द इंग्रजीत फार जुना, ‘पेअर’ म्हणजे जोडी हा फ्रेंचांकडून आलेला. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही, उच्चार तेवढा योगायोगाने जुळला. धार्मिक विधी या अर्थाचा ‘राइट’ लॅटिनमधला आणि बरोबर या अर्थाचा ‘राइट’ अस्सल इंग्रजी, हाही असाच योगायोग.

तिसरं कारण मला सगळ्यांत गमतीचं वाटतं: एकाच शब्दाचे दोन झाले. ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल आणि ‘फ्लॉवर’ म्हणजे पीठ (एफ-एल-ओ-यू-आर) हे मुळात एकच. दळलेल्या धान्यातला सगळ्यांत उत्तम, चाळून काढलेला भाग म्हणजे त्याचं जणू फूलच. बराच काळ स्पेलिंगही एकच होतं, पुढे घोळ टाळण्यासाठी ते वेगळं झालं. ‘स्टेशनरी’चंही तसंच. मध्ययुगीन युरोपात विद्यापीठांच्या गावांतून बरेच विक्रेते फिरस्ते असत. ज्याचं दुकान एका जागी पक्कं, तो ‘स्टेशनर’, आणि तो प्रामुख्याने पुस्तकं विकायचा. त्याच्या दुकानातला माल ती ई-आर-वायवाली स्टेशनरी, आणि जागेवर स्थिर असलेली कोणतीही वस्तू ती ए-आर-वायवाली. आपल्या बाजारपेठेत एक चक्कर मारा, वह्या-पेनं विकणाऱ्या कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर ए-आर-वाय दिसेल. त्या मालकांना विचारलं तर ‘दुकान हलत नाही, तेव्हा बरोबरच आहे’ असं उत्तर द्यायला हरकत नाही.

इथपर्यंतचं दुखणं इंग्रजी बोलणाऱ्या सगळ्यांचं. आता खास आपलं, आणि याची जाणीव शाळेत क्वचितच करून दिली जाते. मराठी कान इंग्रजीत नसलेले समोच्चारी शब्दही तयार करतो.

‘सेल’ हा शब्द घ्या. मराठीत आपण चार इंग्रजी शब्द ‘सेल’ असेच लिहितो आणि बोलतो: पेशी किंवा बॅटरीतला सेल (सी-ई-एल-एल), विकणे (एस-ई-एल-एल), दिवाळीतला सवलतीचा सेल (एस-ए-एल-ई) आणि जहाजाचं शीड (एस-ए-आय-एल). इंग्रजीच्या दृष्टीने यात चार जुळी भावंडं नाहीत, दोन जोड्या आहेत. पेशी आणि विकणे यांतला ‘ए’ आखूड, तोंडात एका जागी थांबणारा. सवलतीचा सेल आणि शीड यांतला ‘ए’ लांब, शेवटी ‘इ’कडे झुकणारा, जवळजवळ ‘सेइल’. मराठीत ए हा स्वर ऱ्हस्व-दीर्घ असा दोन तऱ्हांचा नाही, म्हणून आपल्या कानाने दोन्ही जोड्या एकाच पोत्यात भरल्या.

‘पेन’चंही तेच. लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन हे इंग्रजीत समोच्चारी नाहीत, आपल्याकडे आहेत. परीक्षा आणि चव दोन्ही ‘टेस्ट’. पश्चिम दिशा, वाया घालवणे आणि कंबर, तिन्ही ‘वेस्ट’. यांतली शेवटची दोन इंग्रजीतही खरोखर समोच्चारी आहेत, पश्चिमेला मात्र आपण आत ओढलं. बनियनचा ‘व्हेस्ट’ त्यांच्यात मिसळत नाही, कारण व्हीसाठी ‘व्ह’ आणि डब्ल्यूसाठी ‘व’ असा भेद मराठी लिखाणात आहे. उच्चारातही तो पाळायचा असेल तर व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि डब्ल्यूला ओठांचा चंबू करा.

‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फुल’ आणि ‘फूल’ (भरलेलं आणि मूर्ख) यांची गल्लतही आपल्या जिभेच्या वळणातून येते. मराठीत शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा इकार-उकार आपण दीर्घ करतो: गरीब, मूल, कठीण. तीच सवय इंग्रजी शब्दाला लागली की जहाजाची मेंढी होते.

याची उलट बाजूही आहे. ब्रिटिश पुस्तकांतल्या याद्यांमध्ये ‘सॉस’ आणि ‘सोर्स’, ‘कॉट’ (पकडलं) आणि ‘कोर्ट’ या समोच्चारी जोड्या म्हणून दिलेल्या असतात. वाचून आपण बुचकळ्यात पडतो, कारण आपल्या तोंडी त्या मुळीच एक नाहीत. दक्षिण इंग्लंडच्या बोलीत अशा ठिकाणचा ‘र’ बोललाच जात नाही, म्हणून तिथे त्या एक होतात. अमेरिकेत धातूचा ‘मेटल’ आणि पदकाचा ‘मेडल’ कानाला सारखेच लागतात. तेव्हा अशी यादी हाती आली की ती कोणत्या बोलीवर बेतलेली आहे ते आधी पाहावं, आणि आपल्या उच्चारात वेगळ्या असलेल्या जोड्यांवर सरळ काट मारावी. नसलेली अडचण शिकून घेण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे वळू. हे वाक्य मनात म्हणून पाहा: ‘देअर वेटिंग ओव्हर देअर विथ देअर बॅग्ज.’ ते सगळे तिकडे आपापल्या बॅगा घेऊन थांबले आहेत. तीन ‘देअर’, तिन्हींचं स्पेलिंग निराळं. निवडायचं कसं?

पहिला ‘देअर’ उलगडून पाहा. त्याच्या जागी ‘दे आर’ असे दोन शब्द बसतात का? बसतात. म्हणजे हा जोडशब्द आहे: टी-एच-ई-वाय, मग अपॉस्ट्रॉफी (अक्षर गाळल्याची वरची खूण), मग आर-ई. उलगडण्याची ही परीक्षा नेहमी सगळ्यांत आधी घ्या, कारण तिचं उत्तर कायम स्पष्ट हो किंवा नाही असंच येतं.

तिसऱ्या ‘देअर’ला ‘कोणाच्या?’ असं विचारा. ‘त्यांच्या’ बॅगा. मालकी आली की टी-एच-ई-आय-आर. यातला टी झाका. उरतं एच-ई-आय-आर, उच्चार ‘एअर’, अर्थ वारस. मालकी आणि वारस यांची सांगड मनात बसली की हे स्पेलिंग पुन्हा चुकत नाही.

राहिला मधला, जागा दाखवणारा: टी-एच-ई-आर-ई. याच्या पोटात ‘हिअर’ म्हणजे ‘इथे’ हा शब्द अख्खा आहे. ‘व्हेअर’ म्हणजे ‘कुठे’, त्याच्याही पोटात तोच. इथे, तिथे, कुठे, तिघांची शेपटी एक. एक गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा: ‘देअर इज अ प्रॉब्लेम’ अशा वाक्यात कसलीच जागा सांगितलेली नसते, नुसतं ‘आहे’ एवढंच म्हणायचं असतं, तरी स्पेलिंग हेच.

उलगडण्याची परीक्षा आणखी तीन ठिकाणी कामी येते: ‘युअर’, ‘हूज’ आणि ‘इट्स’. यांतला ‘इट्स’ भल्याभल्यांना चकवतो. नामाला मालकी लावताना आपण अपॉस्ट्रॉफी देऊन एस लावतो, मग ‘त्याचं’ या अर्थाच्या ‘इट्स’लाही ती खूण हवी असं वाटतं. पण पुरुषवाचक सर्वनामांच्या मालकीला ही खूण कधीच लागत नाही. ‘हिज’ला नाही, ‘हर्स’ला नाही, ‘अवर्स’ला नाही, तशी ‘इट्स’लाही नाही. खूण दिसली की ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असं उलगडून वाचा. वाक्य मोडलं तर खूण काढून टाका.

‘टू’ तीन आहेत. दोन या अर्थाच्या ‘टू’मध्ये एक बिनकामाचा डब्ल्यू दिसतो. तो बिनकामाचा नाही, त्याचे नातेवाईक अजून बोलतात: ‘ट्विन’, ‘ट्वाइस’, ‘ट्वेल्व्ह’, ‘ट्वेंटी’. ‘फार जास्त’ किंवा ‘सुद्धा’ या अर्थाच्या ‘टू’मध्ये एक ओ जास्तीचा, अर्थातही जास्तीपणा. उरलेला साधा टी-ओ.

नातेवाईक शोधण्याची ही युक्ती मला सगळ्यांत भरवशाची वाटते. जाणणे या अर्थाच्या ‘नो’मधला के मुका आहे, पण ‘अॅक्नॉलेज’मध्ये त्याचा आवाज आजही ऐकू येतो. ‘कॉम्प्लिमेंट’ दोन आहेत: पूर्ण करणारा, ज्याचा नातेवाईक ‘कम्प्लीट’, म्हणून मध्ये ई, आणि प्रशंसा किंवा भेट, त्यात मध्ये आय. हॉटेलातला फुकटचा ब्रेकफास्ट हा आयवाला.

काही जोड्यांना नातेवाईक सापडत नाहीत, तिथे अर्थाला धरावं. ‘प्रिन्सिपल’ घ्या. शेवटी ए-एल असलेल्याचा अर्थ ‘मुख्य’: कॉलेजचे मुख्य, आणि गृहकर्जाच्या स्टेटमेंटमधली मुख्य रक्कम, म्हणजे मुद्दल. शेवटी एल-ई असलेला म्हणजे तत्त्व. मुख्य असेल तिथे ए-एल, एवढं पुरे.

‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’मध्ये ब्रिटिश पद्धतीने नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस. कानाला फरक कळत नाही, पण ‘अॅडव्हाइस’ (सल्ला) आणि ‘अॅडव्हाइझ’ (सल्ला देणे) यांत तो कळतो. त्याच मापाने बाकीचे मोजा. आपल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर सी-ई छापलेलं असतं, ते नाम आहे म्हणून. अमेरिकेत हा भेद ठेवलेला नाही. तिथे बँकेचा चेकही सी-एच-ई-सी-के आणि इमारतीचा मजलाही गोष्टीच्याच स्पेलिंगचा. आपल्याकडे बँक आणि महापालिका अजून ब्रिटिश वळणाच्या आहेत: चेक क्यू-यू-ई वाला आणि मजल्याच्या ‘स्टोरी’त वायच्या आधी ई. एका पत्रात दोन्ही वळणं मिसळू नयेत, एवढं पथ्य पाळावं.

आपल्या रोजच्या वाचनातल्या दोन जागा मुद्दाम सांगतो. शेतकऱ्यांची कर्जमाफी म्हणजे ‘लोन वेव्हर’, डब्ल्यू-ए-आय-व्ही-ई-आर. आय गाळला तर उरतो डगमगणे या अर्थाचा शब्द. आणि इचलकरंजी-भिवंडीसारख्या कापडाच्या गावांत ‘डाइंग’च्या पाट्या असतात. रंगवण्याच्या ‘डाइंग’मध्ये वायनंतर ई ठेवावाच लागतो, तो गाळला की कारखाना मरणपंथाला लागल्याचं जाहीर होतं.

लक्षात ठेवण्याच्या रीतीबद्दल माझं एक ठाम मत आहे. शाळेच्या वहीत समोच्चारी शब्द समोरासमोर दोन रकान्यांत लिहून घोकायला लावतात, ते सोडून द्यावं. शेजारी घोकलेले दोन शब्द परीक्षेत शेजारीच उभे राहतात आणि कोणता कोणाचा हे आठवत नाही. त्यापेक्षा जोडीतला एकच शब्द घ्या, तो एका छोट्या वाक्यखंडात बसवा, आणि तो पक्का होईपर्यंत दुसऱ्याकडे पाहूही नका. ‘पीस ऑफ केक’मधला तुकड्याचा ‘पीस’ हाताला बसला, की उरलेला आपोआप शांततेचा.

आणखी एक निरीक्षण. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे ते लोक ‘देअर’ आणि ‘युअर’मध्ये सर्रास चुकतात, कारण त्यांना भाषा आधी कानाने आली. मराठी शाळांत पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या पिढीला ती डोळ्यांनी आली, स्पेलिंग घोकून. ती पिढी उच्चारात अडते, पण या चुका कमी करते. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आलं, मग मोबाइलवरचे व्हिडिओ आले, आणि आता आपली मुलंही कानाने शिकू लागली आहेत. ती फर्डं बोलतात आणि इंग्रजांसारख्याच चुका करतात. घरात आजोबा-नातू अशी जोडी असेल तर दोघांनी मिळून पत्र तपासायला बसावं, काम चोख होईल.

तपासणी हा शेवटचा टप्पा, आणि इथे नेहमीचा सल्ला उलटतो. लिहिलेलं मोठ्याने वाचून पाहा असं सगळे सांगतात. समोच्चारी शब्दांसाठी ते निरुपयोगी आहे. चूक कानामुळेच झालेली असते, त्याच कानाला पुन्हा साक्षीला बोलावून काय मिळणार? इथे मुक्याने, डोळ्यांनी वाचायचं, आणि संशयित शब्दावर थांबून त्याचा मराठी अर्थ मनात म्हणायचा.

स्पेलचेकरवर पूर्ण भिस्त ठेवू नका. साधा स्पेलचेकर फक्त शब्द कोशात आहे का, एवढंच पाहतो. नवे व्याकरण-तपासनीस आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतात आणि ‘देअर’सारख्या ठळक चुका पकडतात, पण ‘प्रिन्सिपल’ किंवा ‘कॉम्प्लिमेंट’ त्यांच्या हातून सुटू शकतो. बोलून टाइप करत असाल तर जास्तच जपा: फोनला फक्त आवाज मिळतो, ‘साइट’ म्हटल्यावर दृश्य, जागा की संदर्भ देणे, हे तो शेजारच्या शब्दांवरून ठरवतो. तुटक वाक्य बोललात तर त्याच्याकडे ठरवायला काहीच नसतं. पूर्ण वाक्य एका दमात बोला.

आपण कोणत्या जोड्यांमध्ये चुकता हे आपल्यालाच ठाऊक असतं, आणि त्या फार नसतात. त्यांची चिठ्ठी टेबलाला चिकटवा आणि महत्त्वाचं पत्र पाठवण्याआधी ‘फाइंड’ वापरून तो एकेक शब्द शोधा. शंका राहिलीच तर केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश फुकट आहे, त्यात ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात. सुरुवात आपल्या बायोडेटापासून करा. त्यात ‘रोल’ शोधा: कामातली भूमिका असेल तर आर-ओ-एल-ई हवा, आर-ओ-एल-एल हा हजेरीपटातला रोल नंबर.